सरहद्दीपाशी थांबलेले रूळ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर त्याच्या उत्तरेकडे एक तालुका इतरांपासून जरा वेगळा पडल्यासारखा दिसतो. तो सोयगाव. जिल्ह्याचा बाकीचा बहुतेक भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या वर, पठारावर आहे. सोयगाव मात्र डोंगर उतरून खानदेशच्या सपाटीला टेकलेले आहे. तेथील ओढेनाले गोदावरीकडे न जाता तापीकडे वाहतात. अजिंठ्याच्या लेण्यांखालून निघणारी वाघूर नदीही तिकडचीच वाट धरते. सरकारी कचेरीचे काम निघाले की सोयगावकर घाट चढून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, येत. पण बाजार, सोयरीक आणि रेल्वे यांसाठी त्यांचे पाय शेंदुर्णी, पहूर, पाचोरा या दिशेनेच वळत. शेंदुर्णीला आणि पहूरला एक लहानशी आगगाडी येत असे. पाचोरा ते जामनेर अशी ती छप्पन्न किलोमीटरांची अरुंद मापाची रेल्वे होती. परिसरातील लोक तिला प्रेमाने ‘पीजे’ म्हणत.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, तशी तीही थांबली. पुढे देशातील गाड्या एकेक करून सुरू झाल्या. ही झाली नाही. ती बंद करावी की पुन्हा चालवावी, चालवायची तर जुन्याच रूपात की रुंद रुळांवर, यावर त्यानंतर बराच वाद झाला. निवेदने दिली गेली, आंदोलने झाली. हा वाद जळगाव जिल्ह्याचा म्हणून आपण मराठवाड्यातील लोकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. परंतु या रेल्वेचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की तो आपल्याही दाराशी येऊन थांबलेला प्रश्न आहे.

कापसासाठी आलेली गाडी

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात खानदेश ओलांडून वऱ्हाडाकडे गेला. तो काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या वर्षांत यादवी युद्ध चालले आणि तिकडचा कापूस इंग्लंडमधील गिरण्यांना मिळेनासा झाला. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर मग खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. मुख्य मार्गापासून कापसाच्या पेठांपर्यंत फाटे काढण्यास सुरुवात झाली. खामगावचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो याच हेतूने.

पाचोरा हे मुख्य मार्गावरील स्थानक होते. तेथून पूर्वेकडे जामनेरपर्यंतचा मुलूख कापसाचाच. १९१८-१९ च्या सुमारास, पहिले महायुद्ध संपत असताना, तेथे अडीच फूट मापाचे रूळ पडले. मुख्य मार्गाचे माप साडेपाच फुटांचे असताना या फाट्याला अडीच फूट का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर खर्चात आहे. अरुंद रुळांना जमीन कमी लागते, वळणे आखूड घेता येतात, पूल हलके चालतात आणि जमिनीच्या चढउताराप्रमाणे मार्ग नेता येतो. या मापाची गाडी मोठ्या व्यवहाराला पुरी पडू शकते, हे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आपल्या बार्शी लाइट रेल्वेत १८९७ पासून दाखवून दिले होते. एकेका आसावरील भार पाच टनांपुरता मर्यादित ठेवायचा आणि तो सर्व चाकांवर सारखा वाटायचा, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, असे त्याचे साधे सूत्र होते.

या स्वस्ताईची एक किंमत मात्र होती. छोट्या गाडीतून आलेली कापसाची गासडी पाचोऱ्यास उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा चढवावी लागे. हमालांना त्यातून काम मिळाले, पण व्यापाऱ्याचा वेळ व पैसा गेला. पुढे मालमोटारी आल्या. शेताच्या बांधावरून उचललेला माल थेट जिनिंगच्या दारात नेणाऱ्या मालमोटारीपुढे दोनदा हाताळणी करायला लावणारी गाडी टिकणे कठीण होते. हळूहळू मालवाहतूक सरली आणि गाडी प्रवाशांची झाली. शाळा-कॉलेजात जाणारी मुले, बाजाराच्या दिवशी टोपल्या घेऊन निघालेल्या बाया, शेतमजूर, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरू असे तिचे उतारू. कापसासाठी आलेली गाडी कालांतराने गरिबांची झाली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

पलीकडे निजामाचा मुलूख

या लोहमार्गाच्या दक्षिणेस काही कोसांवरच एक सरहद्द होती. अलीकडे ब्रिटिशांचा पूर्व खानदेश जिल्हा, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर निजाम सरकारची करोडगिरी, म्हणजे जकात, बसे. नाणेही निराळे होते. अलीकडे कलदार रुपया चाले, तर पलीकडे हाली शिक्का. डोंगराखालच्या सोयगावच्या शेतकऱ्याला घाट चढण्यापेक्षा शेंदुर्णीचा बाजार सोपा असला, तरी राज्यकर्त्यांच्या हिशेबात तो परमुलखातला होता.

निजामाच्या राज्यालाही रेल्वे होती. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे या नावाचा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात सिकंदराबाद ते मनमाड असा पूर्ण झाला आणि औरंगाबाद, जालना, परभणी ही गावे तिच्यावर आली. याच सुमारास, १८९९-१९०० मध्ये, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. परंतु या मार्गाची नजर पूर्व-पश्चिम होती. राजधानीपासून मुंबईच्या वाटेपर्यंत जाणे हे त्याचे प्रयोजन. उत्तरेस डोंगर उतरून खानदेशच्या मार्गाला मिळण्याचा विचार त्यात नव्हता. अशा रीतीने एका बाजूस ब्रिटिशांचे अरुंद रूळ आणि दुसऱ्या बाजूस निजामाचे मीटरगेज, यांच्यामध्ये अजिंठ्याचा डोंगर व एक राजकीय रेषा उरली.

या रेषेचा सर्वांत विलक्षण परिणाम अजिंठ्याच्या लेण्यांवर झाला. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली आणि जगाला नव्याने ठाऊक झाली. लेणी निजामाच्या हद्दीत, पण युरोपातून किंवा मुंबईहून येणाऱ्याला जवळची वाट खानदेशातून. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस यांच्यासारख्या तरुण चित्रकारांना हाताशी घेऊन भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांचा तळ डोंगराच्या पायथ्याशी फर्दापूरला पडला होता. १९१४ साली निजाम सरकारने पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांच्या जतनाचे काम सुरू झाले. १९२० ते १९२२ च्या दरम्यान इटलीहून आलेल्या दोन तज्ज्ञांनी सुटत चाललेले रंगलेप भिंतींना पुन्हा घट्ट बसवले. नेमक्या याच सुमारास पहूरला आगगाडीची शिटी ऐकू येऊ लागली होती. फर्दापूर तेथून काही कोसांवर. परंतु ते काही कोस रुळांनी कधीच पार केले नाहीत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. करोडगिरीची नाकी उठली, हाली शिक्का इतिहासजमा झाला. १९८३ साली अजिंठा जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेले. सरहद्द पुसली गेली, तरी रुळांच्या नकाशात ती तशीच राहिली. राजकीय एकीकरण झाले. दळणवळणाचे एकीकरण व्हायचे राहून गेले. ‘पीजे’च्या वादाचे मूळ मला येथे दिसते.

बहिणींचे भाग्य

महाराष्ट्रात अशा अरुंद मापाच्या अनेक रेल्वे होत्या. त्यांतील दोघींचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. विठ्ठलाच्या वारकऱ्यांची ती हक्काची गाडी. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण झाले आणि आज त्याच वाटेने लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात. जुनी गाडी गेली, पण मार्ग जगला.

दुसरी वऱ्हाडातली ‘शकुंतला’. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर असा हा सुमारे एकशे नव्वद किलोमीटरांचा मार्ग. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने उभारलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची त्यावर मालकी होती. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी ही मालकी कराराने तशीच राहिली. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे, आणि डागडुजी कोणी करायची हा कायमचा तंटा. १९९४ पर्यंत तिला वाफेचेच इंजिन होते. रुळांची दशा खालावत गेली तसा वेग घटला, वेग घटला तसे उतारू घटले, आणि २०१० नंतरच्या दशकात गाड्या थांबल्या. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, पण यवतमाळ-अचलपूरच्या लोकांना ती गाडी अद्याप परत मिळालेली नाही.

मार्ग सारखा, माप सारखे, प्रदेशही कापसाचाच; तरी एकीचा पुनर्जन्म झाला आणि दुसरी गवतात हरवली. फरक पडला तो निर्णयाच्या वेळेमुळे. बार्शीच्या मार्गाची मालकी वेळीच सरकारकडे आली, म्हणून त्याविषयी निर्णय घेणारा कोणी तरी होता. शकुंतलेच्या बाबतीत निर्णय न घेणे हाच निर्णय ठरला.

आपल्या मराठवाड्यानेही हा धडा अनुभवलेला आहे. मनमाड-औरंगाबाद मार्ग मीटरगेज असल्याने माणसांना मनमाडला गाडी बदलावी लागे आणि माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. रुंदीकरणाच्या मागणीसाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने दीर्घ लढा दिला. १९९० च्या दशकात रुंद रूळ आले, तेव्हा कोठे या भागाला मुंबईची थेट गाडी मिळाली. हे रूळ कोणाच्या कृपेने मिळालेले नाहीत.

वादातील दोन बाजू

‘पीजे’ पुन्हा सुरू करण्याविरुद्ध जे म्हटले जाते, ते सगळेच टाकाऊ नाही. गाडी मंद होती. छप्पन्न किलोमीटरांना तास-दोन तासांहून अधिक वेळ लागे. सोबतीने डांबरी सडक आहे, तिच्यावर एस. टी. आणि काळीपिवळी जीपगाड्या धावतात. अरुंद मापाची इंजिने व त्यांचे सुटे भाग आता दुर्मीळ झाले आहेत. थोडक्या किलोमीटरांसाठी वेगळे कर्मचारी, वेगळी कार्यशाळा ठेवावी लागते. तिकिटांच्या उत्पन्नातून हा खर्च निघत नाही. तोटा शेवटी सर्व जनतेच्या खिशातून जातो, आणि तोच पैसा रस्ते-दवाखान्यांवर का खर्चू नये, असा प्रश्न कोणी केला तर त्याला उत्तर द्यावे लागते.

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. बंद पडण्याआधीच्या वर्षांतील उत्पन्नावरून मार्गाची योग्यता ठरवणे म्हणजे उपाशी ठेवलेल्या बैलाच्या नांगरटीवरून त्याचे मोल करणे. फेऱ्या मोजक्या ठेवायच्या, मुख्य मार्गावरील गाड्यांशी वेळ जुळवायची नाही, वेग वाढवायचा नाही, आणि मग उतारू नाहीत म्हणून मार्ग निरुपयोगी ठरवायचा, हा न्याय नव्हे. रेल्वेचे तिकीट बसच्या तिकिटाहून पुष्कळ स्वस्त असते. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला हा फरक जाणवत नाही. रोज मजुरीला जाणाऱ्या बाईला तो रोज जाणवतो. गाडी थांबली तेव्हा जीपवाल्याचे काही बिघडले नाही. त्या बाईचा मात्र दिवसाचा हिशेब बिघडला. तोट्याचा ताळेबंद मांडताना हा तोटा कोणत्याच रकान्यात येत नाही.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये १९६३ साली बीचिंग यांच्या अहवालाने हजारो मैलांचे फाटे बंद करण्याची शिफारस केली. त्या लाटेत स्कॉटलंडमधील एडिंबरो ते कार्लाइल हा सरहद्दीवरचा मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला. शेवटची गाडी निघाली त्या रात्री न्यूकॅसलटन या खेड्यातील माणसांनी फाटक अडवून ती रोखली. त्यांच्या पुढे होते गावच्या चर्चचे धर्मोपदेशक रेव्हरंड ब्रायडन मेबन. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले; त्यांच्या सुटकेच्या बोलीवर लोक बाजूला झाले आणि गाडी गेली. त्यानंतर शेहेचाळीस वर्षे लोटली. सप्टेंबर २०१५ मध्ये या मार्गाचा उत्तरेकडील सुमारे तीस मैलांचा भाग पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच वर्षात दहा लाखांहून अधिक प्रवास त्यावर झाले. बंद करताना मांडलेला हिशेब चुकला होता, हे लोकांनी पायांनी सिद्ध केले.

पण या कथेचे दोन कडू भाग आहेत. मधल्या काळात जुन्या मार्गाची जमीन ठिकठिकाणी हातची गेली, तीवर बांधकामे झाली. म्हणून ती पुन्हा मिळवण्यात व पूल नव्याने बांधण्यात फार मोठा खर्च आला. आणि दुसरे असे की, नवा मार्ग ट्वीडबँक या ठिकाणी संपतो. ज्या न्यूकॅसलटनच्या माणसांनी थंडीत उभे राहून गाडी अडवली, त्यांच्या गावापर्यंत गाडी अजून परतलेली नाही. मार्ग पुन्हा सुरू होणे आणि ज्यांची गाडी गेली त्यांना ती परत मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात.

आता काय मागावे?

‘पीजे’च्या बाबतीत निर्णय एका अर्थी झाला आहे. जुन्या मार्गाचे रुंदीकरण करून तो जामनेरच्या पुढे भुसावळ-नागपूर मुख्य मार्गाला नेऊन जोडावा, असा सुमारे चौऱ्याऐंशी किलोमीटरांचा प्रकल्प मंजूर झालेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या एकशे चौऱ्याहत्तर किलोमीटरांच्या नव्या मार्गालाही मंजुरी दिली. सात हजार कोटी रुपयांहून अधिक अंदाजित खर्चाच्या या मार्गात राज्य शासनाचा निम्मा वाटा आहे. तो अजिंठ्याच्या परिसरातून जाणार आहे. मीटरगेजच्या काळात जे घडले नाही, ते, म्हणजे मराठवाडा आणि खानदेश रुळांनी जोडले जाणे, आता कागदावर तरी आले आहे.

याचा आनंद मानावा. पण येथेच सावधही राहिले पाहिजे. कागदावरच्या रेषा जमिनीवर उतरायला आपल्या देशात किती काळ लागतो, हे शकुंतलेने दाखवले आहे. तोवर जुन्या मार्गाची जमीन रेल्वेच्या ताब्यात अबाधित राहिली पाहिजे. तीवर अतिक्रमण होऊ न देणे हे प्रशासनाचे जितके काम, तितकेच गावकऱ्यांचेही आहे.

दुसरी गोष्ट गाड्यांची. रुंद रुळांवरून जलद गाड्या व मालगाड्या धावतील. मुख्य मार्गावरील गर्दी टाळण्यासाठी ही नवी वाट सोयीची ठरेल आणि तेच तिचे मुख्य काम होऊन बसेल, अशी शक्यता नाकारता येत नाही. तसे झाले तर शेंदुर्णीच्या, पहूरच्या आणि अधल्यामधल्या लहान थांब्यांच्या लोकांना रेल्वे दिसेल, पण मिळणार नाही. सर्व थांब्यांवर उभी राहणारी, सकाळी कामावर नेणारी व संध्याकाळी घरी आणणारी स्वस्त गाडी हा या प्रकल्पाचा भाग असावा, अशी मागणी आजच झाली पाहिजे. रूळ पडल्यावर वेळापत्रकासाठी भांडणे अवघड जाते.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. सोयगाव आणि फर्दापूर यांचा विचार दोन्ही मार्गांच्या आखणीत एकत्र व्हायला हवा. दोन मार्ग परस्परांना कोठे भेटतात, तेथे गाडी बदलणे सोपे आहे की नाही, यावर सोयगावच्या मुलाचे कॉलेज आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी दुकान थाटणाऱ्याची भाकरी अवलंबून राहील.

जुन्या छोट्या गाडीविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. तिच्या एखाद्या इंजिनाचे व डब्याचे जतन पाचोऱ्यास किंवा पहूरला व्हावे, असे मलाही वाटते. माथेरानची छोटी गाडी २००५ च्या अतिवृष्टीने वाहून गेलेल्या मार्गावरून २००७ मध्ये पुन्हा धावली. पुढे पुन्हा खंड पडला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा नेरळहून निघाली. तेथे पर्यटक आहेत, डोंगर आहे, म्हणून ते शक्य झाले. ‘पीजे’चे तसे नाही. ती पाहण्यासाठी कोणी येत नव्हते. लोक तिच्यात बसून आपापल्या कामाला जात होते. म्हणून तिच्या बाबतीत खरे जतन कोणते, याचे उत्तरही निराळे आहे. तिने शंभर वर्षे ज्यांना नेले-आणले, त्यांची सोय टिकली तर ती टिकली. नव्या रुळांवरून कितीही मोठी गाडी गेली आणि पहूरच्या फलाटावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईसमोर ती थांबली नाही, तर सरहद्द पुसली गेली असे म्हणता येणार नाही. ती फक्त एका जागेवरून उठून दुसरीकडे बसली, इतकेच म्हणावे लागेल.